एक सहल, दोन बिऱ्हाडं

"सुट्टीतसुद्धा बदली?"

आईने हे विचारलं तेव्हा मी लॅपटॉपवर दोन हॉटेलांची बुकिंगं शेजारी शेजारी उघडून बसलो होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, सहा रात्रींचा मुक्काम. पहिल्या चार रात्री एका हॉटेलात, शेवटच्या दोन दुसऱ्या हॉटेलात. आई-बाबा बडोद्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. लेक सहा वर्षांची. फेब्रुवारीत गर्दी कमी असते म्हणून तिची चार दिवसांची शाळा बुडवायचं ठरलं होतं. सगळं जुळवताना मला तीन रात्री लागल्या होत्या, आणि आईचा पहिला प्रश्न हा.

तिचं बरोबर होतं. बाबांची नोकरी रेल्वेतली. बडोदा, दाहोद, रतलाम आणि परत बडोदा, एवढ्या बदल्या मला आठवतात. माझ्या जन्माआधीच्या वेगळ्या. प्रत्येक वेळी घर बांधायचं, प्रत्येक वेळी सोडवायचं. बाबांची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक ट्रंकेवर, पोत्यावर, खोक्यावर पांढऱ्या रंगाने आकडा, आणि डायरीत त्या आकड्यापुढे आत काय आहे ते. आईची पद्धत वेगळी, पण तितकीच पक्की. तिची एक शेवटची पिशवी असायची. ही पिशवी कधीही ट्रकमध्ये चढत नसे. तिच्यात चहा, साखर, दुधाची पावडर, काडेपेटी, औषधं, प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड आणि देवातला बाळकृष्ण. नव्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकल्यावर ट्रक येवो न येवो, अर्ध्या तासात चहा व्हायचा.

आता मुद्द्याकडे येतो, कारण बडोद्यातल्या निदान चार ओळखीच्या घरांतून हाच प्रश्न आला आहे. मुलं अमेरिकेत, आई-वडील भेटीला गेलेले, नातवंडांसाठी डिस्ने ठरलेलं. मग "तुम्ही दोन हॉटेलं का घेतलीत?"

आधी जागेचा अंदाज घ्यायला हवा. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग नाही. सुमारे २५ हजार एकरांची ती जागा आहे. तिच्यात चार मोठी उद्यानं एकमेकांपासून मैलोन् मैल लांब आहेत. १९७१ मध्ये मॅजिक किंग्डम उघडलं, १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंग्डम. मधल्या जागेत तळी, जंगल, रस्ते आणि डिस्नेचीच वीसहून जास्त हॉटेलं. यातलं कुठलंही हॉटेल चारही उद्यानांना जवळ नाही. मोनोरेलवरची तीन हॉटेलं मॅजिक किंग्डमसाठी सोयीची. काही हॉटेलं एपकॉटच्या मागच्या दाराशी. काहींना होडी आहे, काहींना आकाशपाळणा, उरलेल्यांना फक्त बस. म्हणून तिथे नेहमी जाणाऱ्या अमेरिकन कुटुंबांत अर्धा मुक्काम इकडे, अर्धा तिकडे ही चाल रुळलेली आहे. जिथली उद्यानं बघायची तिथे राहायचं, ती संपली की दुसऱ्या टोकाला जायचं.

माझं कारण मात्र निव्वळ अंतराचं नव्हतं. आम्ही पाच जण तीन वेगवेगळ्या सहलींना निघालो होतो. लेकीला राजकन्या, पोहण्याचा तलाव आणि भिंतीवर चित्रं असलेली खोली हवी होती. बायकोला आणि मला दोन-चार मोठ्या राइड्स आणि रात्रीची आतषबाजी. आईच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झालेलं, बाबांना मधुमेह, रोज इन्सुलिन. त्यांना खरं तर कुठे बसायला मिळालं तर हवं होतं, पण ते तसं म्हणणार नाहीत. "तुम्ही फिरा, आम्ही इथे बाकावर बसतो" असं म्हणतील आणि चार तास बाकावर बसतील. सोळा-सतरा तासांच्या विमानप्रवासानंतर बाबा एकदाच बोलले होते, की आता पुन्हा एवढ्या लांब जमेल असं वाटत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. चार तास बाकावर बसलेले आजी-आजोबा हे या सहलीचं चित्र असता कामा नये, एवढंच मी ठरवलं होतं.

पहिलं हॉटेल आर्ट ऑफ ॲनिमेशन. हे स्वस्त गटातलं. २०१२ मध्ये उघडलेलं, आणि तिथे फॅमिली स्वीट मिळतो. त्यात सहा माणसं मावतात, दोन न्हाणीघरं असतात, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो. पाच माणसांना दोन न्हाणीघरं ही चैन नाही, हे ज्यांनी सकाळी सातला पाच जणांची तयारी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आम्ही सिंहाच्या गोष्टीवाला म्हणजे लायन किंग स्वीट घेतला. या हॉटेलाचं खरं भांडवल म्हणजे स्कायलायनर. २०१९ मध्ये सुरू झालेला हा आकाशपाळणा चार हॉटेलांना एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजशी जोडतो. आमचं स्टेशन हॉटेलासमोरच्या तळ्यावरच्या पुलावर. एका डब्यात दहा माणसं बसू शकतात. डबे थांबत नाहीत, फक्त हळू होतात, त्यामुळे आई पहिल्यांदा बिचकली. पण गुडघेदुखीवाल्यांसाठी आणि व्हीलचेअरसाठी बाजूला वेगळी मार्गिका असते, तिथे डबा पूर्ण थांबतो. हे आधी विचारून घ्या, म्हणजे आपल्या माणसाची धांदल होत नाही. एक मात्र आहे. विजा चमकायला लागल्या की पाळणा बंद. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी पाऊस ठरलेला, तेव्हा त्या दिवसांत बसचा पर्याय मनात ठेवलेला बरा.

दुसरं हॉटेल ॲनिमल किंग्डम लॉज. हे महाग गटातलं. २००१ पासूनचं. इतर तीन उद्यानांपासून लांब, आणि जायला यायला फक्त बस. निव्वळ सोयीच्या हिशेबात हे कोणी घेणार नाही. पण त्या हॉटेलाच्या खोल्यांमागे आफ्रिकेतल्यासारखं गवताळ रान केलेलं आहे आणि त्यात जिराफ, झेब्रे, मोठमोठ्या शिंगांची अंकोले गुरं मोकळी हिंडतात. गॅलरीत खुर्ची टाकली की झालं. कुठे जायचं नाही, रांग नाही, चालणं नाही. बाकावर बसणाऱ्या माणसांसाठी यापेक्षा चांगला बाक मला सापडला नाही.

सहाही रात्री तिथे का नाही, याचं उत्तर खिशात आहे. रानाकडे तोंड असलेल्या एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्यात स्वस्त हॉटेलातल्या दोन-तीन रात्री निघतात. आणि तिथल्या खोलीत आम्ही पाच जण मावत नव्हतो, म्हणजे दोन खोल्या. तेव्हा दोनच रात्री, आणि त्यातही एक युक्ती. आई-बाबांची खोली रानाकडची, आमची साधी. आमच्या खिडकीतून पार्किंग दिसायचं. आम्हाला तिथे झोपायलाच जायचं होतं.

बुकिंगबद्दल काही गोष्टी पुढच्यांच्या उपयोगाच्या. दोन हॉटेलं म्हणजे दोन स्वतंत्र बुकिंगं, दोन क्रमांक, दोन ठिकाणी नावनोंदणी. एकाच ॲपमध्ये दोन्ही दिसतात, पण एकीकडचा बदल दुसरीकडे आपोआप होत नाही. उद्यानांची तिकिटं वेगळी असतात. ती दोन तुकड्यांत घेऊ नका. एकच सलग घ्या, कारण तिकीट जितक्या जास्त दिवसांचं तितका रोजचा दर उतरतो. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांच्या मुदतीत वापरता येतं, म्हणजे मध्ये विश्रांतीचे दिवस टाकता येतात. खोल्यांचे दर शुक्रवार-शनिवारी चढतात, म्हणून महाग हॉटेल रविवार आणि सोमवारच्या रात्री घेतलं, स्वस्त हॉटेलात शनिवार काढला. बसून जेवायच्या चांगल्या हॉटेलांतलं टेबल ६० दिवस आधी राखता येतं, ते राखा.

आणि क्रम. आधी साधं, मग भारी. उलटं केलं तर सहा वर्षांचं मूल दुसऱ्या हॉटेलात पाऊल टाकताच "इथे जिराफ कुठे आहे?" विचारतं, आणि सहा वर्षांचंच कशाला.

पहिले चार दिवस ठरल्यासारखे गेले, त्यांच्यावर फार लिहीत नाही. गुरुवारी मॅजिक किंग्डम. आई-बाबा दुपारी बसने परतले आणि आम्ही आतषबाजीला थांबलो. शुक्रवारी हॉलिवूड स्टुडिओज. शनिवारी कुठेच नाही. हॉटेलाच्या मोठ्या तलावात पाण्याखाली गाणी ऐकू येतात. लेक दिवसभर डोकं बुडवून बाहेर यायची आणि आजीला कुठलं गाणं चालू आहे ते सांगायची. पाणी कोमट होतं, पण हवा गार. आई शाल पांघरून काठावर, मांडीवर थेपल्यांचा डबा. डिस्नेत बाहेरचं खाणं नेता येतं, हे कळल्यापासून ती निवांत होती.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी सामानाला आकडे घातले. पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने, १ ते ७. डायरी काढली. मी सांगून पाहिलं, "बाबा, इथे सगळं ते लोक पोचवतात. आपण फक्त सकाळी सामान त्यांच्याकडे द्यायचं."

"पोचवतात ना? मग आकडे असलेले बरे," बाबा म्हणाले.

इथे ही व्यवस्था सांगतो, कारण दोन हॉटेलांची सगळी गंमत तिच्यावर उभी आहे. दोन्ही हॉटेलं डिस्नेची असली तर सामान ते नेतात. निघायच्या सकाळी बेल सर्व्हिसच्या काउंटरवर सामान द्यायचं, दुसऱ्या हॉटेलचं बुकिंग दाखवायचं, पावती घ्यायची. दुपारपर्यंत सामान तिकडे. त्याचे पैसे लागत नाहीत, मात्र उचलणाऱ्याला टिप देण्याची रीत आहे. खोली सकाळी ११ पर्यंत सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी ३ नंतर मिळते. या मधल्या चार तासांना लोक भितात. पण ते हॉटेलात काढायचेच नसतात. सामान देऊन थेट उद्यानात जायचं, आणि संध्याकाळी उद्यानातून जुन्या हॉटेलच्या बसऐवजी नव्या हॉटेलच्या बसमध्ये बसायचं. प्रत्येक उद्यानातून प्रत्येक हॉटेलला जायची सोय असतेच. हॉटेलच्या पाहुण्यांना उद्यानात रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, तो बदलीच्या दिवशीही मिळतो. खोली तयार झाली की फोनवर नंबर येतो आणि दारही फोनने उघडतं. कागदावर ही योजना इतकी सुबक होती की मी ती बायकोला दोनदा समजावून सांगितली होती.

आणि मग मी शहाणपणा केला.

आईची शेवटची पिशवी तिथेही होती. खांद्याला लावायची, कापडी, फुगलेली. औषधं, थर्मास, चहाचं सामान, शाल, लेकीचे कपडे. एपकॉट हे चारांत सगळ्यात जास्त चालायला लावणारं, आणि ती पिशवी दिवसभर माझ्याच खांद्यावर राहणार होती. रात्री सगळे झोपल्यावर मी ती हलकी केली. औषधांचे दोन पाउच काढून चार नंबरच्या बॅगेत टाकले, इतर औषधांबरोबर, म्हणजे सगळं एका जागी. आमच्या धंद्यात जुनी यंत्रणा बंद करून नवीवर जायचं असतं तेव्हा पहिला नियम असा, की चालू कामाला लागणाऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी हा नियम नव्या मुलांना कितीदा शिकवला असेल.

रविवारी सकाळी बाबांनी इन्सुलिन घेऊन नाश्ता केला. घाईत पाउच परत बॅगेत कोणी ठेवला हेही मला आठवत नाही, मीच असणार. साडेआठला सात नग काउंटरवर, पावती खिशात, आणि आम्ही पाळण्यात. एपकॉटला पाळणा मागच्या दाराने नेतो, फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या दालनांमध्ये. दाराशीच आईसाठी व्हीलचेअर भाड्याने घेतली. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत आणि एक चक्कर दोन किलोमीटरच्या आसपास पडते. चालण्यापेक्षा ढकलणं परवडतं. अकरानंतर दालनं उघडली. आम्ही फ्रान्स पाहिलं, मोरोक्कोत आईने नक्षीच्या फरशांवरून हात फिरवला, जपानच्या बागेत जेवायचं ठरलं. साडेबारा झाले होते.

"माझा पाउच दे रे," बाबा म्हणाले.

पिशवी उघडेपर्यंत मला आठवलेलं होतं. तरी मी ती तळापर्यंत उपसली.

बॅग तेव्हा कुठे होती हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे पुन्हा तेच सांगितलं जे सकाळी सांगितलं होतं. सामान दुपारी पोचेल. त्यांची चूक काहीच नव्हती. आणि ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना पेच माहीत आहे. डोस घेतल्याशिवाय पोटभर जेवता येत नाही, आणि सकाळचा डोस अंगात असताना उपाशीही राहता येत नाही. साखर मोजायचं यंत्रही त्याच पाउचमध्ये. बाबा म्हणाले, "काही होत नाही, थोडे चणे खातो." त्यांनी खाल्लेही. मग दहा मिनिटांनी ते बोलायचे थांबले. मला वाटलं रागावले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, त्यांना घाम फुटलाय."

फेब्रुवारी, तळ्यावरचं गार वारं, आणि बाबांचा सदरा पाठीला चिकटलेला.

संत्र्याचा रस मिळाला, तो पाजला. आई व्हीलचेअरमधून उठली, बाबांना तीत बसवलं आणि स्वतः हँडलला धरून चालायला लागली. मी "आई, तू नको" म्हटलं ते तिने ऐकलंही नाही. प्रत्येक उद्यानात प्रथमोपचार केंद्र असतं. एपकॉटचं तळ्याच्या पलीकडे, मेक्सिकोच्या पुढे. अर्ध्या तळ्याला वळसा. वाटेत नॉर्वेचं दालन लागतं आणि एल्साची राइड तिथेच आहे. लेक आठवडाभर त्या एका राइडबद्दल बोलत होती. तिने मान वळवून दालनाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि आजोबांच्या चाकाशेजारी चालत राहिली. काही बोलली नाही.

केंद्रातल्या नर्सने साखर तपासली. उतरली होती, पण रसाने वर यायला लागली होती. पडायला जागा होती, शांतता होती. अर्ध्या तासाने बाबांचा चेहरा परत त्यांचा झाला. पहिलं वाक्य मला उद्देशून. "चार नंबरमध्ये टाकलंस ना? मग माझी डायरी चुकली. मी औषधं पिशवीत लिहिलीत."

त्यांना मी काय केलं त्यापेक्षा डायरी चुकल्याचं जास्त वाईट वाटलं होतं, किंवा तसं दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं.

बायको लेकीला घेऊन नॉर्वेला परत गेली. मी, आई आणि बाबा पुढच्या दाराने बाहेर पडलो. एक लक्षात ठेवा. पाळण्याने आत शिरलात तरी बस समोरच्या दाराशी मिळते, म्हणजे उद्यान आरपार चालावं लागतं. लॉजची बस मिळाली. तीनच्या सुमारास आम्ही तिथल्या उंच गवती छपराच्या दालनात उभे होतो. समोर काउंटरमागे सामानाच्या गाडीवर सात नग रांगेत. चिकटपट्टीवरचे पांढरे आकडे लांबून दिसत होते. "फोर," मी म्हटलं, आणि त्या मुलाने क्षणात चार नंबर काढून दिला. नाव शोधणं नाही, पावती जुळवणं नाही. आकडे असलेले बरे.

बाबा साडेतीनला जेवले. आईचे थेपले, दही आणि खालच्या उपाहारगृहातलं सूप. मग आईने खोलीतल्या कॉफीच्या यंत्रात नुसतं पाणी उकळलं आणि पिशवीतून चहा, साखर, दुधाची पावडर बाहेर काढली. त्या गोष्टींना मी हात लावला नव्हता.

गॅलरीचं दार उघडलं तेव्हा समोर काही नव्हतं, नुसतं गवत आणि झाडं. आई म्हणाली, "छान आहे. शांत आहे." मग एका झाडाचा शेंडा हलला आणि तो शेंडा नव्हता.

पुढचे दोन दिवस ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते झालं. बाबा पहाटे साडेपाचला उठतात, तिकडेही उठले. लेक त्यांच्याच खोलीत झोपायची. मी सातला त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ती आजोबांच्या शालीत अर्धी शिरून गॅलरीत बसलेली, हातात त्यांची डायरी. त्या दोघांनी जनावरांना नंबर दिले होते. जिराफ १ ते ४, अंकोले ५, झेब्रे मोजता येत नाहीत कारण हलतात. आईला अंकोले गुरं जास्त आवडली. तिचं म्हणणं, जिराफ कमाटीबागेतही पाहिला असता, पण ही शिंगं बघ. सयाजीबागेत जिराफ कधी होता की नाही यावर मग दोघांचं जे सुरू झालं ते नाश्त्यापर्यंत चाललं.

सोमवारी ॲनिमल किंग्डम, तिथून बसने दहा-पंधरा मिनिटं. सकाळी लवकर सफारी केली. उघड्या ट्रकमधून सिंह, पाणघोडे, गेंडे. गाडीतच बसायचं असल्यामुळे आईला सगळ्यात सोपी. पडक्या राजवाड्याचा देखावा करून त्यात वाघ ठेवले आहेत, ते पाहताना बाबा म्हणाले, "आपल्याकडे वाडे खरेच पडके, वाघ मात्र नाहीत." दुपारी दोनला ते दोघं परत गॅलरीत. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत फिरलो आणि एकदाही मनात आलं नाही की ते कुठे बसले असतील.

रात्री जेवायला शेजारच्या इमारतीतल्या सानामध्ये. आफ्रिकी स्वयंपाक, पण हिंदी महासागराच्या बाजूचा, म्हणून आपल्या मसाल्यांच्या जवळचा. नान, कुलचे आणि त्यांच्यासोबत वाट्यांमधून चटण्या-लोणची असं एक ताट तिथे प्रसिद्ध आहे. शाकाहारी माणसाचं त्यावर पोट भरतं. आईने सगळ्या वाट्या चाखल्या. लोणच्याला तेल कमी, असा निकाल दिला आणि एक नान जास्त मागवला.

आता कोणी विचारलं, की आम्हीही असं करू का, तर माझं उत्तर घरात कोण आहे यावर बदलतं. चार रात्रींची सहल असेल तर मुळीच करू नका, आवराआवरीतच एक दिवस जाईल. तान्हं मूल असेल, किंवा जागा बदलली की झोप उडणारं माणूस असेल, तर एकाच ठिकाणी राहा आणि थोडं जास्त बसमध्ये बसा. दोन हॉटेलं एकाच प्रकारची असतील तरी अर्थ नाही. नुसता पलंग बदलण्यासाठी सामान कोणी बांधावं? पण घरात सहा वर्षांचं आणि सत्तरीचं माणूस एकाच वेळी असेल, तर एकच जागा दोघांना पुरेल असं मला वाटत नाही. बदलीच्या दिवशी मी आता एपकॉट ठेवणार नाही. लहान उद्यान ठेवेन, किंवा कुठलंच नाही. आणि पिशवीला हात लावणार नाही.

खर्चाचं म्हणाल, तर सहाही रात्री मधल्या गटातल्या एका हॉटेलात राहिलो असतो तर जवळपास तेवढेच पैसे गेले असते. मी हिशेब केला होता. तो बाबांना दाखवला. त्यांनी डॉलर रुपयांत बदलून पाहिले आणि कागद घडी करून परत दिला.

मंगळवारी सकाळी अकराला खोली सोडायची होती. दहा वाजता सगळं बांधून झालं होतं, सात नग दाराशी. पिशवी बाबांच्या खांद्यावर, पाउच बाबांच्या हातात. ते गॅलरीत उभे होते. जिराफ अगदी जवळ आला होता, कठड्यापासून वीस-पंचवीस फुटांवर.

"अजून एक रात्र मिळते का बघ की," ते म्हणाले.

मी फोन काढून पाहिलं. मिळत होती. भाडं पाहिलं, सोमवारच्या विमानाच्या नाही, आजच्या विमानाच्या तिकिटांचा विचार केला, बुधवारची मीटिंग आठवली. म्हटलं, "खोल्या नाहीत, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि डायरी उघडून नग मोजायला लागले.